ताईंच्या नावाचं दुसरं दुकान

टोपवाल्या ताईंचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक प्लायवूडची भिंत होती. पलीकडे कात्री खाली ठेवली तरी अलीकडे कळायचं. त्यामुळे त्यांच्या बाबतीत जे घडलं त्यातलं बरंचसं मी कानांनी ऐकलं आहे आणि उरलेलं डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यांचा नवरा एका नाटक कंपनीत रंगभूषा करायचा. राजाच्या मिशा, साधूच्या दाढ्या, म्हाताऱ्यांचे पांढरे टोप, सगळं घरीच तयार व्हायचं. आपण लग्न होऊन आलो तेव्हा दोरीवर कपड्यांच्या शेजारी दाढ्या वाळत होत्या, असं ताई सांगायच्या. नवऱ्याची नजर लवकर अधू झाली आणि केस ओवायची आकडीची सुई ताईंच्या हातात आली. पुढे नवरा गेला, कंपनीही बसली. मिशांवर पोट भरेना. अशात इस्पितळातल्या कर्करोगाच्या वॉर्डातली एक सिस्टर, डोक्याला रुमाल बांधलेल्या एका बाईंना घेऊन त्यांच्या दारात आली. म्हणाली, "राजाला केस लावता, तर हिला का नाही लावणार?"

ताईंनी लावले. तेव्हापासून त्यांचं तेच काम झालं. औषधांनी केस गेलेल्या बायकांसाठी खऱ्या केसांचे टोप.

हे काम मी जवळून पाहिलं आहे. बारीक जाळी लाकडी डोक्यावर ताणून बसवायची आणि तिच्या एकेका भोकात केस ओवून गाठ मारायची. केसांची मुळं एकीकडे, टोकं एकीकडे. एक जुडी जरी उलटी लागली तरी पहिल्याच धुण्यात सगळ्याचा गुंता होतो. भांगाच्या जागी तर एका भोकात एकच केस. एक टोप व्हायला महिना सहज जायचा. दुकानात पडद्यामागे एक खुर्ची आणि एक आरसा होता. आरशावर चादर टाकलेली असायची. टोप नीट बसेपर्यंत ताई ती चादर काढू द्यायच्या नाहीत.

बोलायला मात्र बाई फटकळ. एखादी खुर्चीत बसून रडायला लागली की म्हणायच्या, "रडायचंय तर आधी रडून घ्या. रडताना डोकं हलतं, माप चुकतं." नव्याने आलेल्या बाईला वाटायचं, काय दगड आहे ही! पण चादर निघाली की तीच बाई त्यांचा हात सोडायची नाही. मग ताई हात सोडवून घेत आणि "आठवड्यातून एकदाच धुवा, चोळू नका" एवढंच सांगत.

ताईंना मूल नव्हतं. बहिणीची मुलगी त्यांच्यावर जीव टाकायची. ती एका कचेरीत कामाला होती, सुट्टीच्या दिवशी मावशीकडे यायची. तिनेच एकदा मोबाईलवर चित्रफीत काढायचं ठरवलं. ताईंनी साफ सांगितलं, "माझं थोबाड नको. हात घे हवे तर." मग भाचीने नुसते हात घेतले. निबर झालेली बोटं, आकडी आत जाते, बाहेर येते, गाठ बसते. मागून ताईंचा आवाज, "घाई केली की केस चिडतो." भाचीने दुकानाच्या नावाने पान उघडून ते टाकलं आणि लोक त्या हातांवर खुळावले. लांबलांबून फोन येऊ लागले. भाचीने व्हिडिओ कॉलवर डोक्याचं माप घ्यायची पद्धत बसवून दिली. मापाशिवाय टोप नाही आणि तयार माल तर नाहीच नाही, हा ताईंचा नियम मात्र तसाच राहिला. काम वाढलं, दोन बायका हाताखाली आल्या. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज यायला लागला, तो आधी कधी यायचा नाही.

आणि मग एका दुपारी ती बाई आली.

टोपी पार कानांपर्यंत ओढलेली, सोबत तिचा भाऊ. आधी माझ्याच दुकानात शिरले. भावाने विचारलं, "टोपवाली कुठे बसते?" त्याने ते ज्या सुरात विचारलं त्यावरूनच मी उठून त्यांच्यामागे गेले.

त्याने ताईंच्या समोर एक पुडकं आपटलं. आत काळ्या प्लास्टिकच्या धाग्यांचा एक गोळा होता. बाहुलीच्या डोक्यावर असतात तसले चकाकणारे केस, रबराचा वास मारणारे.

"हे तुम्ही पाठवलंत?"

ताईंनी तो गोळा उलटा केला, आतली शिवण पाहिली. "हे मी नाही बनवलं. हे बनवलेलंच नाही, हे मशीनमधून पडलंय."

"मग हे काय?" भावाने फोन पुढे केला.

फोनमध्ये ताईंचेच हात होते. तीच निबर बोटं, तोच आवाज, "घाई केली की केस चिडतो." वर दुकानाचं नाव तेच. खाली लिहिलं होतं: 'ताईंचे हात आता थकले आहेत. आयुष्यभराचं दुकान बंद होत आहे. शेवटचे काही टोप कमी किमतीत. तुमची एक खरेदी म्हणजे ताईंना निरोपाची भेट.'

ताईंनी ते दोनदा वाचलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "कुठे थकलेत?" त्या म्हणाल्या.

 आता ती बाई म्हणाली, "दुसरीकडे यापेक्षा स्वस्त मिळत होता. पण तुमचं वाचून वाईट वाटलं. वाटलं, म्हाताऱ्या बाईला हातभार लागेल." आणि मग, "मी तुमच्याशी बोलले होते हो ताई! तुम्ही मला बाळा म्हणालात. माझ्यासाठी दिवा लावते म्हणालात."

"मी कुणाला बाळा म्हणत नाही," ताई म्हणाल्या.

भाऊ हसला. कडवट हसला. "बरोबर. पैसे घेईपर्यंत बाळा. टोपवालीने टोपी घातली, दुसरं काय!"

संध्याकाळी भाची आली आणि तिने सगळं शोधून काढलं. दुकानाचं नाव एका अक्षराने वेगळं होतं, वेलांटी दुसरी. एरवी कुणाच्या लक्षात येणार नाही. चित्रफिती सगळ्या उचललेल्या. खाली शेकडो लोकांनी लिहिलेलं, 'ताई, तुम्ही आमच्या आईसारख्या', 'दोन मागवले'. भाचीने गिऱ्हाईक असल्याचं दाखवून तिथे निरोप पाठवला. लगेच उत्तर आलं: 'कशी आहेस बाळा? घाबरू नकोस, मी आहे ना.' भाचीने विचारलं, 'माप कसं घेणार?' उत्तर आलं: 'माप नको गं, माझे टोप सगळ्यांना बसतात.'

मावशीभाची शेजारीशेजारी बसून ते वाचत होत्या. खरी ताई खुर्चीत आणि दुसरी फोनमध्ये. भाची रडकुंडीला आलेली. ताई म्हणाल्या, "बोलते मात्र छान."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी पोलिसांकडे गेलो. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, उगाच खोटं का बोलू. त्यांनीच आम्हाला हा धंदा समजावला. असलं दुकान एका दुपारी उभं राहतं. चित्रं चोरायची, दुःखाची एखादी गोष्ट लिहायची, थोडे पैसे टाकून जाहिरात लावायची. कुणाला काय दाखवायचं ते यंत्र ठरवतं, आणि आजाराविषयी वाचणाऱ्या बायकांनाच ते टोप दाखवतं. पैसे जातात कुठल्यातरी गरजू पोराच्या खात्यात. त्याने चार दमड्यांसाठी खातं भाड्याने दिलेलं असतं, पैसे तिथून पुढे पसार होतात. आणि मुद्दाम काहीतरी वस्तू पाठवायचीच, कितीही भिकार असो. म्हणजे गिऱ्हाईक तक्रार करायला गेलं की उत्तर तयार, 'माल पोचलेला दिसतोय, आवडला नाही हा तुमचा प्रश्न.'

"आता तुमचं सांगा," साहेब म्हणाले. "तुमचे किती गेले?"

"माझे काहीच नाही गेले," ताई म्हणाल्या.

"मग तक्रार कशाची घेऊ?"

"नाव गेलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "ताई, ज्यांचे पैसे गेले त्यांना पाठवा. त्यांच्या तक्रारी आल्या की काहीतरी करता येईल."

ज्यांचे पैसे गेले होते ते पोलिसांकडे कशाला जातील? ते ताईंकडेच यायला लागले. खरा पत्ता यांचाच होता ना! फोन तर थांबेना. भिंतीपलीकडून मला एकच वाक्य पुन्हापुन्हा ऐकू यायचं, "बाई, ते दुकान माझं नाही." पुढेपुढे ताईंनी फोन उचलणं सोडलं. मग लोक म्हणायला लागले, बघा, फोनसुद्धा उचलत नाही.

भाचीने ते खोटं दुकान बंद करावं म्हणून ज्या कंपनीच्या ॲपवर ते होतं तिला कळवलं. उत्तर यायला काही दिवस गेले, आणि आलं ते भलतंच. बंद झालं ते ताईंचंच पान! त्या लोकांनी आधीच तक्रार करून ठेवली होती की खरे आम्ही, आमची नक्कल ही बाई करते आहे. तिकडे माणूस कोणी नाहीच, यंत्रच बघतं. आणि यंत्राने पाहिलं की त्यांच्याकडे गिऱ्हाइकं जास्त, जाहिरात जास्त. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही अशी. गिऱ्हाइकांचे पैसे मोबाईलवरून गोळा करून देणाऱ्या कंपनीनेही ताईंच्या नावावर तक्रारी फार आल्या म्हणून त्यांचे पैसे अडकवून ठेवले. चालू कामाचे केस घ्यायला हातात काही राहिलं नाही.

भाची महिनाभर कचेरीतून आल्यावर अर्ज करत बसायची. एक खोटं दुकान कसंबसं बंद पडलं, तर आठवड्यात दुसरं उगवलं. तिथे ताईंचं नाव दुसरंच होतं, हात मात्र तेच.

मग ताईंनी एक गोष्ट केली, त्यावरून माझं आणि त्यांचं भांडण झालं. ती पहिली बाई, टोपी कानांपर्यंत ओढलेली, तिला त्यांनी फोन करून बोलावलं, तिचं माप घेतलं आणि उरल्यासुरल्या केसांतून तिला फुकट टोप करून दिला.

"वेड लागलंय का तुम्हाला?" मी म्हटलं. "चूक तुमची नाही आणि भरपाई तुम्ही करणार?"

"भरपाई नाही. तिला केस नाहीत."

"अशा अजून किती येतील!"

"येतील तेव्हा बघू."

टोप सुंदर झाला होता. चादर निघाल्यावर ती बाई बराच वेळ आरशात बघत राहिली. घरी जाऊन तिने स्वतःचा फोटो टाकला आणि खाली कौतुकाने लिहिलं: 'मी तक्रार केल्यावर ताईंनी चूक सुधारली आणि खरा टोप दिला. तुम्हीही मागा, मिळेल.' तिच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला आजही मान्य आहे. पण त्या दोन ओळींनी ताईंचा केसाने गळा कापला. आता कबुलीच झाली ना! दारात रांग लागली. आधी लोक निदान विचारायचे तरी, आता नुसता हात पुढे करायचे. एकाने भाचीला कोर्टाची धमकी दिली. एक बाई म्हणाली, "तिला दिलात तर मला का नाही? ती ओळखीची होती का?" ताईंनी त्यातल्या जमतील तेवढ्या बायकांना जुने, कुणी परत दिलेले टोप दुरुस्त करून दिले. त्यावरही कुरकुर झाली, जुना दिला म्हणून.

त्यांच्यातच एक वयस्कर गृहस्थ आले होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी तेच चकाकणारं पुडकं पिशवीतून काढलं आणि टेबलावर ठेवलं. म्हणाले, "बायकोने एकदा घालून पाहिला. खूप हसली. मग मला म्हणाली, एवढं केलंस माझ्यासाठी, राहू दे. शेवटपर्यंत उशाशी ठेवला होता."

ताई म्हणाल्या, "तो मी नव्हता पाठवला."

"माहीत आहे मला. पेपरात वाचलं मी असल्या दुकानांविषयी."

"मग?"

"फेकवत नाही आणि घरात ठेववत नाही. तुमच्याकडे ठेवता का?"

ताईंनी तो गोळा घेतला. ते गेल्यावर त्या पडद्यामागे गेल्या आणि दुपारभर भिंतीपलीकडून कात्रीचाही आवाज आला नाही.

सगळ्यात मोठा घाव मात्र इस्पितळातून आला. वॉर्डाच्या बाहेर फलकावर ताईंचं कार्ड वर्षानुवर्षं लावलेलं होतं, त्याच सिस्टरने लावलेलं. एक दिवस ते निघालं. ताई चौकशीला गेल्या, मीही सोबत गेले. सिस्टर आता म्हातारी झाली होती, निवृत्तीला आलेली. आम्हाला पाहून ती औषधांच्या खोलीत शिरली आणि थोड्या वेळाने बाहेर आली.

"वरून सांगितलंय," ती खाली बघत म्हणाली. "दोघी-तिघींच्या नातेवाइकांनी लेखी दिलं. मी म्हटलं त्यांना, ही बाई तशी नाही. तर म्हणाले, तशी नसेल, पण उगाच इस्पितळाचं नाव कशाला गुंतवायचं?"

"तू मला ओळखतेस," ताई म्हणाल्या.

"ओळखते गं."

"मग?"

 सिस्टरला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली. तिला खरंच हाक मारली होती की नाही, कोण जाणे. परतताना ताई बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी दोन-तीनदा विषय काढला. शेवटी म्हणाल्या, "तुझी बडबड बंद कर. डोकं दुखतंय."

हाताखालच्या दोघींना त्यांनी त्याच महिन्यात नाही म्हणून सांगितलं. त्यातली एक रडली, दुसरी भांडली. ताईंनी दोघींचा हिशेब चुकता केला आणि भाचीला सगळं मोबाईलवरून पुसून टाकायला लावलं, जे काही आमच्याकडून पुसता येईल ते. भाची म्हणाली, "मावशी, मीच ते सुरू केलं होतं." ताई म्हणाल्या, "हो. चहा टाक." एवढंच. पण त्यानंतर भाचीचं येणं हळूहळू कमी झालं. दोघींमध्ये भांडण नव्हतं, बोलायला काही उरलं नव्हतं.

तरी ताई वर्षभर टिकल्या. कुणी ओळखीच्या बाईने पाठवलेली एखादी यायची. पण दुधाने तोंड पोळलेलं जग ते, ताकही फुंकून प्यायचं. येणारी बाई आधी दार बघायची, पाटी बघायची, मग ताईंचं ओळखपत्र मागायची. ताई दाखवायच्या. एकदा एक आई आणि तिची मोठी मुलगी आल्या. आईचं माप सुरू झालं, तेवढ्यात मुलीने फोन वर धरला.

"ते बंद करा," ताई म्हणाल्या.

"फक्त तुमचे हात घेते. आमच्याकडे पुरावा असावा म्हणून."

"हात तर मुळीच नाही."

"लपवण्यासारखं काही नसेल तर हरकत काय?"

"हे हात एकदा दाखवले होते," ताई म्हणाल्या, "तर आज तुम्ही माझ्याकडे पुरावा मागता आहात."

मुलीला त्यातलं काही कळलं नाही. तिने आईला खुर्चीतून उठवलं. आई बिचारी माप अर्धवट राहिलेलं डोकं रुमालाने झाकत "राहू दे गं" म्हणत होती, पण मुलगी थांबली नाही. बाहेर येऊन दोघी माझ्या दुकानातल्या बाकावर बसल्या. मुलीने आईला फोन दाखवला. "हे बघ, ही किती प्रेमाने बोलते. आणि घरपोच देते." मी काउंटरवरून वाकून पाहिलं. मला बघायची गरजही नव्हती खरं तर, आवाज ओळखीचा होता, "घाई केली की केस चिडतो."

मी त्यांना सगळं सांगितलं. अगदी कळकळीने सांगितलं. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही त्यांच्या शेजारीच ना?"

"हो."

"तरीच," ती म्हणाली आणि आईला घेऊन निघून गेली.

ताईंनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं असणार.  पुढच्या महिन्यात त्यांनी दुकान सोडलं.

आता त्या बाजारातल्या एका मोठ्या केशकर्तनालयात कामाला जातात. टक्कल पडलेल्या पुरुषांना तिथे केसांचे तुकडे लावून देतात, ते तुकडे ताई मागच्या खोलीत बसून ओवतात. पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो. पुढे बसलेल्या गिऱ्हाइकाला मागे कोण बसलंय ते माहीत नसतं. मध्ये मी त्यांना भेटायला गेले होते. खोलीला खिडकी नाही, डोक्यावर एक नळीचा दिवा. त्यांनी मान वर न करता मला स्टूल सरकवून दिलं.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"बरं चाललंय. फोन वाजत नाही."

"बायकांचे टोप परत नाही करणार?"

त्यांनी आकडी जाळीतून काढली, गाठ ओढून पाहिली, पुढचा केस उचलला. "मागच्या आठवड्यात रस्त्यात एक बाई दिसली," त्या म्हणाल्या. "तो प्लास्टिकचा घातला होता तिने, भर उन्हात. नुसता चकाकत होता. मला वाटलं, जावं, सांगावं की चला, करून देते."

"मग गेलात?"

"नाही गेले," ताई म्हणाल्या. "म्हणाली असती, तुमचाच आहे."

बाहेरून मालकाने कुणाला तरी हाक मारली. ताईंनी मला उठायची खूण केली आणि स्टूल पुन्हा टेबलाखाली ढकललं.